परसातल्या दहा कोंबड्या : तिवशाच्या हिशेबाने

वऱ्हाडातील कापड दुकानदाराचा धंदा शेतकऱ्याच्या कापसावर उभा असतो. कापूस घरात आला, तूर विकली गेली, की दुकानाच्या पायरीवर गिऱ्हाईक दिसते. लग्नसराई आणि ईद-दिवाळी सोडली तर वर्षाचे चार-पाच महिने गादीवर बसून रस्त्याकडे पाहण्यात जातात. जी गोष्ट दुकानदाराची तीच शिंप्याची, पिंजाऱ्याची, रंगाऱ्याची. पावसाळ्यात शेतकऱ्याचा पैसा बियाण्यात आणि खतात अडकलेला असतो, तेव्हा आमच्या कारागिरांची शिलाई मशीन गप्प असते. किराणा मात्र दररोज लागतो आणि तो उधारीवर येतो. दिवाळीनंतर येणारी कमाई मग मागची उधारी फेडण्यातच संपते. हे चक्र ज्या घरांनी अनुभवले आहे, त्यांच्यासाठी आजचा विषय आहे.

विषय तसा लहान आहे. घरामागच्या जागेत आठ-दहा कोंबड्या पाळणे, एवढाच. याला सरकारी भाषेत परसातील कुक्कुटपालन म्हणतात. आपल्या घरांतून हे पूर्वी सर्रास होते. नानी-दादीच्या काळात अंडे विकत आणणे ही गोष्ट माहीत नव्हती. पुढे पक्की घरे झाली, फरशी आली, बाजारात फार्मची अंडी मुबलक मिळू लागली आणि खुराडे घरातून गेले. आता ते परत येत आहे. २०१९ सालच्या विसाव्या पशुगणनेत देशात सुमारे ८५ कोटी १८ लाख कोंबड्या मोजल्या गेल्या. त्यापैकी परसातल्या ३१ कोटी ७० लाख होत्या आणि आधीच्या गणनेपेक्षा ही संख्या जवळपास ४६ टक्क्यांनी वाढलेली होती. मोठ्या फार्मच्या कोंबड्यांची वाढ त्याच काळात साडेचार टक्के होती. आम्ही व्यापारी माणसे. ज्या मालाची मागणी वाढते त्याकडे लक्ष द्यावे, हे आम्हाला कोणी शिकवायला नको.

तिवसा हे अमरावती-नागपूर महामार्गावरील तालुक्याचे गाव. जुन्या वस्तीत अजून पुष्कळ घरांना मागे आवार आहे, निंबाचे झाड आहे, न्हाणीचे पाणी जाते तो ओला कोपरा आहे. जवळच मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आश्रम आहे. वर्धा नदी ओलांडली की वर्धा जिल्हा लागतो. तेथे १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि कुमारप्पांनी मगनवाडीत बसून घाणी, कागद, मधमाशी यांचा हिशेब मांडला. आश्रमाच्या परिसरात कोंबडी-अंड्याचा विषय काढणे शोभणारे नाही. परंतु घराने आपली जमेल तेवढी गरज आपल्याच आवारातून भागवावी, हा विचार या मुलुखाला नवा नाही. कोंबडी ही त्या वाटेची सर्वांत स्वस्त पायरी आहे. गाय-म्हशीला भांडवल लागते, बकरीला चारणारा माणूस लागतो. कोंबडी सकाळी सोडली की दिवसभर आपले पोट बऱ्याच अंशी आपणच भरते.

मजुरीचा धंदा आणि घरचा धंदा

येथे एक खुलासा आवश्यक आहे. कोंबडीपालन म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे पत्र्याचे लांबलचक शेड आणि त्यातील पाच हजार पांढरी पिल्ले येतात. तो ब्रॉयलरचा धंदा वेगळा. तो आज बहुतांश करारावर चालतो. कंपनी पिल्ले देते, खाद्य देते, औषध देते. शेड, वीज, पाणी आणि मेहनत आपली. चाळीस-बेचाळीस दिवसांनी कंपनी माल उचलते आणि किलोमागे ठरलेली मजुरी देते. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागवाल्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. सूत मालकाचे, कापड मालकाचे, माग आणि विजेचे बिल तेवढे आपले! त्या धंद्यातही लोक कमावतात, नाही असे नाही. पण शेडसाठी कर्ज काढून त्यात उतरणे हा एक मार्ग आहे आणि दहा कोंबड्या घरात ठेवणे हा दुसरा. दोहोंची गल्लत करू नये.

दुसरी गल्लत याहून महागात पडते. ‘आमच्याकडून पिल्ले घ्या, अंडी आणि पक्षी आम्हीच चढ्या भावाने परत घेऊ’ अशी जाहिरात करणाऱ्यांपासून दूर राहावे. तामिळनाडूत २०१२ साली ईमू पक्ष्यांचा असा फुगा फुटला. आपल्या महाराष्ट्रात २०१९ साली सांगली जिल्ह्यातील इस्लामपूरच्या एका कंपनीचे कडकनाथ प्रकरण उघडकीस आले; अनेक शेतकऱ्यांचे पैसे बुडाले, गुन्हे दाखल झाले. कडकनाथ कोंबडीचा यात काही दोष नव्हता. ती झाबुआची चांगली काळी जात आहे, तिच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. दोष होता तो या समजुतीत, की माल विकणाराच तो कायम जादा भावाने परत घेईल. कापडाच्या बाजारात असा सौदा कोणी घेऊन आला तर आपण त्याला चहा पाजून वाटेला लावतो. कोंबडीच्या बाबतीतही तेच करावे.

कोणती कोंबडी?

गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-सत्तर अंडी देते. पंधरा दिवस घालते, मग खुडूक बसते. पण ती चपळ असते, घारीची सावली ओळखते, पिल्ले स्वतः उबवून वाढवते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठी ‘वनराजा’ आणि ‘ग्रामप्रिया’ या जाती तयार केल्या. वनराजा अंगाने भारी, मांस आणि अंडी दोन्हीसाठी, वर्षाला शंभर-एकशे दहा अंडी. ग्रामप्रिया अंड्यांसाठी, नीट सांभाळली तर दीडशेच्या पुढे जाते आणि अंडे फिकट तपकिरी असते, त्यामुळे बाजारात ते गावरानच्या पंक्तीला बसते. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाचा ‘गिरीराज’ही आपल्याकडे पुष्कळांनी पाळला आहे. असील जातीचे नाव वाचकांनी ऐकलेच असेल. शब्द आपला अरबीतून आलेला, अस्सल या अर्थाचा. पक्षी रुबाबदार, मांसाला भाव चांगला, परंतु अंडी फारच कमी. तो शौकाचा भाग समजावा, आणि झुंजी लावणे तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाच आहे.

एक बाब विकणारे सांगत नाहीत. सुधारित जातींना खुडूक बसण्याची सवय जवळजवळ नसते, आणि त्या संकरातून तयार झालेल्या असल्याने त्यांची अंडी उबवून पुढची पिढी केली तर मायबापाचे गुण तसेच टिकत नाहीत. म्हणून आठ ग्रामप्रियांबरोबर दोन गावरान कोंबड्या ठेवणे शहाणपणाचे. त्या पिल्ले काढतील. एका कोंबडीखाली दहा-बारा अंडी मावतात, एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर येतात. उबवायची अंडी आठवड्याच्या आतली असावीत, उन्हाळ्यात तर तीन-चार दिवसांपेक्षा जुनी नकोत. केवळ खाण्याच्या व विकण्याच्या अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. शेजाऱ्यांना पहाटेची बांग नको असेल तर कोंबडा न ठेवताही काम चालते.

आठवडी बाजारात टोपलीतून लाल-हिरवी-गुलाबी पिल्ले विकायला येतात. मुले हट्ट धरतात. ती अंड्यांच्या फार्मसाठी पिल्ले काढणाऱ्या केंद्रांनी टाकून दिलेली नर पिल्ले असतात, रंगात बुडवलेली. ती अंडी देणार नाहीत आणि बहुतेक आठवडाभरात मरतात. वर रोग घेऊन आली तर घरातल्याही नेतात.

दाणापाणी : वऱ्हाडातले धोके

पूर्ण वाढलेल्या कोंबडीला दिवसाला सव्वाशे ग्रॅमच्या आत-बाहेर खाद्य लागते. मोकळी फिरणारी कोंबडी त्यातील मोठा वाटा किडे, गवत, सांडलेले दाणे, भाताची शिते यांतून मिळवते. विंचूदेखील टिपून खाते, आणि जुन्या मातीच्या घरात ही लहान सेवा नव्हे. सकाळ-संध्याकाळ मिळून मूठभर, म्हणजे तीस-चाळीस ग्रॅम दाणा वरून द्यावा. ज्वारी, मक्याचा भरडा, तांदळाची कणी, तुरीची चुनी, जे घरात आहे ते चालते. चुन्यासाठी अंड्याची टरफले भाजून, कुटून घालावीत. कच्ची टरफले तशीच टाकली तर कोंबडीला अंडे फोडून खाण्याची खोड लागते.

आता आपल्या भागातील तीन धोके. पहिला, सरकीची ढेप. ती वऱ्हाडात घरोघरी असते, गुरे आनंदाने खातात, म्हणून कोंबडीलाही टाकली जाते. सरकीत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते. गुरांच्या पोटाला ते पचते, कोंबडीला पचत नाही. वाढ खुंटते आणि अंड्याचा बलक साठवणीत हिरवट-काळपट पडतो. गिऱ्हाईक असे अंडे एकदाच घेते. दुसरा, कच्चे सोयाबीन. सोयाबीन पौष्टिक खरे, पण कच्च्या दाण्यात पचन अडविणारा घटक असतो. चांगले भाजल्याशिवाय देऊ नये. तिसरा सर्वांत वाईट, पेरणीतून उरलेले बियाणे. लाल-गुलाबी रंगाचे, औषध लावलेले कापसाचे किंवा ज्वारीचे दाणे अंगणात झाडून टाकले आणि कोंबड्यांनी टिपले की संध्याकाळी खुराड्यात मेलेल्या सापडतात. दोष मात्र नजर लागल्याला दिला जातो. याशिवाय पावसाळ्यात बुरशी धरलेला दाणा स्वस्तात मिळतो तोही घेऊ नये. ती बुरशी यकृत खाते.

तिवशाचा मे महिना वाचकांना सांगायला नको. पारा ४५ अंशांपर्यंत जातो. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते आणि उष्णता बाहेर काढते. त्या दिवसांत निंबाची सावली, दोन-तीन ठिकाणी मातीच्या कुंड्यांत थंड पाणी, खुराड्यावर ओले पोते एवढे केले तर बहुतेक जगतात. दाणा दुपारी देऊ नये, पहाटे आणि दिवस कलल्यावर द्यावा. रात्रीच्या खुराड्यात दर कोंबडीला दोन चौरस फूट जागा असावी, जमिनीपासून हात-दीड हात उंच, बारीक जाळीचे. मुंगूस दोन बोटांच्या फटीतून आत शिरते आणि एका रात्रीत सगळ्यांच्या माना धरते. खाली तूस किंवा सोयाबीनचे कुटार पसरावे, ओले झाले की बदलावे.

मानमोडी

आपल्या घरांतून कोंबड्या गेल्या त्याचे एक कारण फरशी असेल, पण मोठे कारण मानमोडी. डॉक्टर त्याला राणीखेत म्हणतात, कुमाऊँमधील गावाच्या नावावरून. हिरवी संडास, लुळे पंख, वळलेली मान, आणि आठवड्यात सबंध मोहल्ल्यातील खुराडी रिकामी. यावर औषध नाही. लस आहे, आणि ती महाग नाही. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, महिन्याच्या सुमारास पुन्हा तीच, आणि आठ-दहा आठवड्यांची झाली की पंखाखाली आर-टू-बी टोचायची. मध्ये दोन आठवड्यांना गंबोरोची आणि पुढे देवीची लस असते.

मग लोक का देत नाहीत? निष्काळजीपणा हे अर्धेच उत्तर आहे. लसीची बाटली शंभर-दोनशे मात्रांची येते, बर्फात ठेवावी लागते आणि एकदा पाण्यात मिसळली की दोन तासांत संपवावी लागते. ज्याच्या घरी दहाच कोंबड्या आहेत तो शंभर मात्रांची बाटली कशासाठी आणील? म्हणून हे काम एकट्या घराचे राहत नाही. मोहल्ल्यातील पंधरा घरांनी एक दिवस ठरवून, पहाटे खुराडी उघडण्यापूर्वी, एकत्र लस दिली तर एका घराला दोन कप चहाएवढा खर्च येतो. बांगलादेशात हाच मार्ग काढला गेला. तेथे १९८० च्या दशकापासून ब्रॅक या संस्थेने आणि सरकारी पशुसेवा खात्याने गावोगावच्या गरीब बायकांना लस टोचण्याचे शिक्षण दिले. त्या थर्मासमध्ये लस घेऊन पहाटे दारोदार जात आणि कोंबडीमागे थोडे पैसे घेत. त्यांनाही रोजी मिळाली आणि गावच्या कोंबड्याही वाचल्या. आपल्या मोहल्ल्यातील दहावी-बारावी झालेल्या मुली हे काम करू शकत नाहीत काय? पशुवैद्यकीय दवाखान्यात दोन-चार वेळा हात बसला की यात अवघड असे काही नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहावीशी वाटते. कोंबडी मान टाकू लागली की ती घाईने बाजारात नेऊन खपविण्याची रीत आहे. मालातील दोष लपवून विकणे आपल्या तिजारतीत जायज नाही, हे आपण मुलांना शिकवतो. आणि ही केवळ एका गिऱ्हाइकाची फसवणूक नव्हे. ती कोंबडी दहा गावांना रोग पोहोचवते. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा फार्मबरोबर आजूबाजूच्या घरगुती कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यात तो पुन्हा आला. एकाएकी अनेक कोंबड्या मेल्या तर हात न लावता दवाखान्यात कळवावे. अशा वेळी सरकार नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई देते. लपवून काही मिळत नाही.

जमाखर्च

आता वहीचे पान उघडू. दहा ग्रामप्रिया धरा. वर्षाला दीड हजार अंडी होतील असे कागदावर दिसते. घार, मांजर, आजार, पंख गाळण्याचे दिवस यांची तूट काढून बाराशे धरावीत. चारशे घरात खाल्ली, आठशे विकली. दहा रुपये दर धरला तर आठ हजार जमा. खर्चात रोज चारशे ग्रॅम दाणा, म्हणजे वर्षाला १४६ किलो. पंचवीस रुपये किलोने ३,६५० रुपये. लस-औषध, तूस, जाळीची डागडुजी मिळून हजार. शिल्लक सुमारे ३,३५० रुपये, अधिक चारशे अंडी मुलांच्या पोटात. दर जागोजागी वेगळे असतात, म्हणून वाचकांनी आपापल्या बाजाराचे आकडे घालून पाहावे. यावर घर चालत नाही. पण ही रक्कम एकदम येत नाही, आठवड्याला पंधरा-सोळा अंडी अशी येते, आणि जुलै-ऑगस्टमध्येही येते. तेल, साबण, वीजबिल यांची उधारी त्यातून टळते. उधारीवर घेतलेला किराणा नेहमी चढ्या दराने पडतो हे दुकानदारानेच सांगावे काय!

दर टिकवायचा असेल तर मालाची ओळख टिकवावी. पांढरी अंडी चहाच्या पाण्यात रंगवून गावरान म्हणून विकल्याच्या तक्रारी शहरात होतात, त्यामुळे गिऱ्हाईक सावध झाले आहे. ज्या घरी कोंबड्या डोळ्यांनी दिसतात त्या घरचे अंडे ते दोन रुपये जास्त देऊन नेते. तिवशाहून अमरावतीला रोज जाणारे नोकरदार आहेत. दहा घरांची अंडी तारीख लिहून एकत्र पाठवली तर ठरावीक घरे बांधली जातात. जून झालेल्या कोंबड्या आणि कोंबडे सणावाराला विकावेत, तेव्हा गावरानला तोड नसते. ‘घर की मुर्गी दाल बराबर’ ही म्हण ज्याने केली त्याने तुरीच्या डाळीचे हल्लीचे भाव पाहिलेले नव्हते, एवढेच म्हणतो.

हा पैसा कोणाचा, हाही प्रश्न आहे. पहाटे खुराडे उघडणारी, दाणा टाकणारी, अंडी मोजणारी घरातली बाई असते. विक्रीचे पैसे मात्र पुरुषाच्या खिशात जातात आणि पानटपरीवर संपतात. ज्या घरात अंड्यांचा डबा बाईच्या हाती राहतो त्या घरातील कोंबड्या टिकतात, असे माझे पाहणे आहे. तिला चार पैसे सुटले तर ती जाळी वेळेवर दुरुस्त करते.

खुराड्यातील जुने तूस फेकू नये. ताजी विष्ठा झाडाला जाळते. दोन महिने ढिगात कुजवून मग वांगी, मिरची, पपई, शेवगा यांना घालावी. न्हाणीच्या पाण्यावर शेवग्याची दोन झाडे आणि लिंबाचे एक, एवढ्यानेही भाजीचा खर्च उतरतो. रोपांना काट्यांचे कुंपण करावे, नाहीतर कोंबड्या सगळे उकरतात. शेजाऱ्याच्या वाफ्यात जाऊ लागल्या तर पंखाची पिसे एका बाजूने कातरावीत. भांडणापेक्षा कात्री बरी. ज्यांचे हे वर्षभर नीट चालले त्यांनी दुसऱ्या वर्षी एक शेळी बांधण्याचा विचार करावा, आधी नाही.

पिल्लांसाठी तिवसा पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात चौकशी करावी. राज्याच्या योजनेत २५ तलंगा व ३ नरांचा गट, किंवा १०० एकदिवसीय पिल्ले, ५० टक्के अनुदानावर देण्याची तरतूद राहत आली आहे. अर्ज केव्हा निघतात ते तेथेच कळते. अमरावती जिल्ह्यात घातखेड आणि दुर्गापूर (बडनेरा) येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत, नागपूरला मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. नवख्याने एक दिवसाची पिल्ले घेऊ नयेत. त्यांना पहिल्या आठवड्यात ३५ अंश ऊब लागते आणि वीज गेली की ती एकमेकांवर चढून गुदमरतात. पाच-सहा आठवड्यांची, लस दिलेली पिल्ले थोडी महाग पडली तरी घ्यावीत. घेताना कोणती लस कोणत्या तारखेला दिली ते लिहून मागावे. वेळ दसऱ्याच्या सुमाराची. पाऊस ओसरलेला असतो, किडे-गवत मुबलक असते आणि फेब्रुवारीत अंडी सुरू होतात. मेच्या उन्हापर्यंत कोंबडी पक्की झालेली असते. तोवर दोन महिने हाताशी आहेत. त्या अवधीत जाळी, लाकूड आणि जुना पत्रा गोळा करून खुराडे बांधून घ्यावे.